विश्लेषण : पंतप्रधानपदाचा दावेदारच गुप्त पोलिसांचा खबरी? पूर्व जर्मनीतील इब्राहिम ब्योमे प्रकरण काय होते?

मार्च १९९० मध्ये पूर्व जर्मनीत पहिली आणि शेवटची खुली निवडणूक झाली. तेथील सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा (एसपीडी) चेहरा होते इब्राहिम ब्योमे. पक्ष जिंकला असता तर पंतप्रधानपद त्यांच्याकडेच जाणार होते. मतदान होऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच बातमी आली, की ब्योमे अनेक वर्षे ‘स्टासी’ या गुप्त पोलीस यंत्रणेला आपल्याच मित्रांची माहिती पुरवत होते. ब्योमे यांनी हे मरेपर्यंत मान्य केले नाही. कम्युनिस्ट राजवट कोसळलेल्या अनेक देशांना पुढे हाच प्रश्न छळत राहिला : नव्या नेत्यांचा जुना हिशेब तपासायचा कोणी आणि कशाच्या आधारावर?

कोण होते इब्राहिम ब्योमे?

त्यांचे मूळ नाव मॅनफ्रेड ओटो ब्योमे. जन्म १८ नोव्हेंबर १९४४, बाद ड्युरेनबर्ग. आई लवकर गेली आणि बालपण दुसऱ्यांच्या घरी गेले. लॉयना येथील रासायनिक कारखान्यात त्यांनी गवंडीकाम शिकले. पुढे ग्राइत्स या छोट्या गावात ते सांस्कृतिक संस्थेचे काम पाहू लागले. वाचन दांडगे, बोलणे मिठ्ठास. आपण ज्यू कुटुंबातले असल्याचे ते सांगत, ‘इब्राहिम’ हे नावही त्यांनी स्वतःच घेतलेले. ज्यू वारशाची गोष्ट खरी नव्हती, हे नंतर उघड झाले. एकंदरीत आपले आयुष्य ऐकणाऱ्यानुसार वेगवेगळे सांगण्याची त्यांना सवयच होती.

सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचे ते सुरुवातीला सदस्य होते. १९७० च्या दशकात त्यांनी पक्ष सोडला. नंतर नॉयश्ट्रेलित्स येथे काही काळ नाट्यगृहात काम करून ते पूर्व बर्लिनमध्ये आले आणि सरकारविरोधी शांतता व मानवाधिकार गटांत वावरू लागले. तिथे त्यांची प्रतिमा राजवटीने छळलेल्या बंडखोराची होती.

कवीच्या घरातला मित्र

या प्रकरणाचा गाभा ग्राइत्समध्येच आहे. कवी रायनर कुन्त्से याच गावात राहत. राजवटीवर टीका करणारे कुन्त्से यांचे गद्य पुस्तक १९७६ मध्ये पश्चिम जर्मनीत प्रसिद्ध झाले. त्यांना लेखक संघातून काढण्यात आले आणि १९७७ मध्ये त्यांनी देश सोडला. स्टासीने त्यांच्यावर ‘लिरिक’ या सांकेतिक नावाने फाइल उघडली होती. १२ खंड आणि सुमारे साडेतीन हजार पाने. घरी कोण येते, कवी काय लिहितो, कशाला घाबरतो, याच्या नोंदी त्यात होत्या. यातील एका खबऱ्याचे सांकेतिक नाव होते ‘पॉल बोनकार्त्स’. हा बोनकार्त्स म्हणजेच कुन्त्से यांच्या घरी मित्र म्हणून ऊठबस असलेले ब्योमे.

ब्योमे यांचे स्टासीशी संबंध १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. ‘ऑगस्ट ड्रेम्पकर’, ‘मॅक्झिमिलियन’ अशी आणखी नावेही त्यांनी वापरली. म्हणजे बर्लिनमधल्या बंडखोरांसोबत ते बसत होते, तेव्हाही अहवाल जातच होते.

पक्ष स्थापन झाला, तेव्हा खबरी कुठे होता?

संस्थापकांच्या पहिल्याच रांगेत. १९८९ च्या उन्हाळ्यात मार्कुस मेकेल आणि मार्टिन गुटसाइट या धर्मगुरूंनी सोशल डेमोक्रॅटिक पक्ष काढण्याचे ठरवले. स्थापनेच्या आवाहनावर सह्या करणाऱ्या मोजक्या लोकांत ब्योमे होते. ७ ऑक्टोबर १९८९ रोजी बर्लिनच्या उत्तरेला श्वान्ते गावातील चर्चच्या निवासात चाळीसेक जण जमले. त्याच दिवशी बर्लिनमध्ये सरकार देशाच्या ४० व्या वर्धापनदिनाचे संचलन करत होते. या बैठकीसाठी अटक होऊ शकत होती. ब्योमे तिथे पक्षाचे व्यवस्थापक निवडले गेले.

महिनाभरात बर्लिनची भिंत पडली. फेब्रुवारी १९९० मध्ये लाइपझिगच्या अधिवेशनात ब्योमे पक्षाध्यक्ष झाले. त्याच अधिवेशनात पश्चिम जर्मनीचे माजी चॅन्सेलर विली ब्रांट यांना मानद अध्यक्षपद देण्यात आले. ब्रांट यांचे सरकार १९७४ मध्ये गेले होते, ते त्यांच्या कार्यालयात सापडलेल्या ग्युंटर गियोम या स्टासीच्या हेरामुळे. इतिहासाने असा योग जुळवून आणला, की कादंबरीत कोणी लिहिले तर ओढूनताणून वाटेल.

मतदारांना काय माहीत होते?

फारसे काही नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. स्टासीचे १९८९ मध्ये सुमारे ९१ हजार पूर्णवेळ कर्मचारी आणि जवळपास १ लाख ८९ हजार खबरी होते. देशाची लोकसंख्या होती जेमतेम १ कोटी ६० लाख. उमेदवारांमध्ये खबरी असणार, हा अंदाज कोणीही बांधू शकत होता. पण फाइल पाहण्याचा कायदाच नव्हता. कागद नागरिक समित्यांनी सील केलेले, काही पोती भरून फाडलेले. संगणकावरील माहितीच्या चुंबकीय टेप तर १९९० च्या सुरुवातीला, विरोधकांचाही सहभाग असलेल्या गोलमेज परिषदेच्या संमतीनेच नष्ट करण्यात आल्या. त्या चुकीच्या हाती पडतील, ही भीती होती.

त्यामुळे माहिती बाहेर येई ती गळतीतून. मतदानाला चार दिवस असताना ‘डेमोक्रॅटिक अवेकनिंग’ पक्षाचे प्रमुख वोल्फगांग श्नुर यांना याच आरोपावरून पायउतार व्हावे लागले. बंडखोरांचे खटले लढवणारे हे वकील स्वतःच खबरी होते. (त्या पक्षाच्या प्रवक्त्या होत्या अँगेला मर्केल.) पक्षाला ०.९ टक्के मते पडली.

ब्योमे यांच्याबद्दलची बातमी मात्र ‘डेर श्पीगल’ साप्ताहिकात १८ मार्चच्या मतदानानंतर आली. एसपीडीचा तोवर पराभव झाला होता. जनमत चाचण्यांत आघाडीवर असलेल्या पक्षाला प्रत्यक्षात २१.९ टक्के मते मिळाली. ब्योमे यांनी आरोप फेटाळले, पण एप्रिलच्या सुरुवातीला अध्यक्षपद सोडले. पक्षातील अनेकांचा मात्र त्यांच्यावरच विश्वास होता. जुन्या स्टासी अधिकाऱ्यांनी सूड म्हणून चिखलफेक केली असेल, ही शंका त्या वातावरणात अगदीच चुकीची म्हणता येत नव्हती. पुढे त्यांना पूर्व बर्लिन प्रशासनात पोलिसांवर देखरेख ठेवणारे पद मिळाले. सप्टेंबरमध्ये एकत्रित एसपीडीच्या कार्यकारिणीवरही ते निवडून आले. गुप्त पोलिसांचा माणूस पोलिसांवर लक्ष ठेवायला!

मग पुरावा मिळाला कसा?

पीडिताच्या फाइलमधून. स्टासीची नोंदव्यवस्था आजच्या डेटाबेससारखी तुकड्यांत विभागलेली होती. ‘एफ १६’ कार्डावर खरे नाव आणि नोंदणी क्रमांक, तर ‘एफ २२’ कार्डावर क्रमांक आणि सांकेतिक नाव. दोन्ही कार्डे जुळवल्याशिवाय खबरी कोण ते कळत नसे. यंत्रणेतल्या माणसालाही सगळे दिसू नये, हा हेतू. पण खबऱ्याच्या अहवालाची प्रत ज्याच्यावर पाळत आहे त्याच्या फाइलमध्येही लागत असे. खबऱ्याचे कागद फाडले तरी या प्रती उरत.

कुन्त्से यांना आपली फाइल मिळाली आणि १९९० च्या अखेरीस त्यांनी त्यातील निवडक कागद ‘डेकनामे लिरिक’ या पुस्तकात छापले. अहवालातले बारकावे कोणाला माहीत असू शकतात, हे कुन्त्से यांच्याइतके कोण ओळखणार? ब्योमे यांची बाजू त्यानंतर टिकली नाही. त्याच डिसेंबरमध्ये, निवडणूक जिंकून पंतप्रधान झालेले लोथार द मेझिएर यांच्यावरही स्टासीशी संबंधांचे आरोप झाले. त्यांनी ते नाकारले, पण मंत्रिपद सोडले. म्हणजे पंतप्रधानपदाच्या शर्यतीतले दोन्ही प्रमुख चेहरे वर्षभरात याच कारणाने बाजूला झाले.

नंतर काय झाले?

१९९१ च्या अखेरीस कायदा आला आणि २ जानेवारी १९९२ पासून सामान्य माणसाला आपली फाइल वाचता येऊ लागली. तोवर प्रत्येक आरोप हा कोणीतरी, कधीतरी, आपल्या सोयीने केलेला असे. खबरी सुटू शकत होता आणि निरपराध माणूसही बदनाम होऊ शकत होता. फायली उघडल्यावर वाद संपले नाहीत, पण निदान कागद समोर ठेवून भांडता येऊ लागले.

ब्योमे यांना त्याच वर्षी पक्षातून काढण्यात आले. त्यांनी उभारलेला पक्ष बनावट नव्हता. श्वान्तेमध्ये जमलेल्यांचा धोका खरा होता, आणि त्यांच्यापैकी मेकेल पुढे पूर्व जर्मनीचे परराष्ट्रमंत्री झाले. ब्योमे स्वतः नॉयश्ट्रेलित्सला परतले. कुन्त्से यांच्याकडे किंवा पक्षातील जुन्या सहकाऱ्यांकडे त्यांनी कधी कबुली दिली नाही. २२ नोव्हेंबर १९९९ रोजी त्यांचे निधन झाले. चारच दिवसांपूर्वी त्यांना ५५ वर्षे पूर्ण झाली होती.