अॅलर्जीचे जनक डॉ. पिर्के

अॅलर्जी हा शब्द आज घरोघरी ऐकू येतो. तो घडविणारे डॉ. क्लेमेन्स फॉन पिर्के मात्र विस्मृतीत गेले आहेत. १८७४ साली व्हिएन्नाजवळ जन्मलेले हे गृहस्थ धर्मशास्त्राचा अभ्यास सोडून वैद्यकाकडे वळले व बालरोगतज्ज्ञ झाले. घटसर्प झालेल्या मुलांना त्या काळी घोड्याचे सीरम टोचीत. प्राण वाचत, पण आठदहा दिवसांनी काहींना ताप येई, अंगावर पित्त उठे, सांधे सुजत. १९०५ मध्ये पिर्के यांनी बेला शिक यांच्यासह दाखविले की, सीरम हे विष नव्हे. त्याविरुद्ध शरीराने निर्मिलेली प्रतिद्रव्येच त्याच्याशी भिडून ही पीडा उपजवितात. १९०६ मध्ये त्यांनी अॅलर्जी हा शब्द योजिला. पुढल्याच वर्षी त्वचेवरील ओरखड्यात क्षयजंतूंचा अर्क लावून त्यांनी क्षयाची चाचणी सिद्ध केली. जंतूंचा पूर्वी शिरकाव झालेला असल्यास ती जागा एकदोन दिवसांनी सुजे. ही उशिराची सूज प्रतिद्रव्यांमुळे नसून पेशींमुळे येते, हे पुढे उमगले. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातील उपाशी मुलांच्या अन्नाची व्यवस्था त्यांनी पाहिली. फेब्रुवारी १९२९ मध्ये पत्नीसह त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपविली. औषधाचा पूर्वी त्रास झाला होता काय, हे डॉक्टर आजही आधी विचारतात. पहिल्या भेटीची आठवण शरीर राखते, ही पिर्के यांचीच शिकवण त्यामागे आहे.