आचार्य जगदीशचंद्र बोस

आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील एखादा विद्यार्थी गच्चीवर उभा राहून, लहानशी एरियल हातांत धरून, आकाशांतून जाणाऱ्या हौशी रेडिओच्या उपग्रहाचा ध्वनि ऐकूं लागला, म्हणजे त्यास एक नवल दिसतें. ध्वनि मध्येंच क्षीण होतो. पण एरियल जागच्या जागीं थोडी पिळून धरतांच तो पुनः स्पष्ट होतो. यंत्राची शक्ति तर वाढलेली नसते. मग हें घडतें कसें? याचें मर्म ज्यांनीं आपल्या देशांत प्रथम प्रयोगानें उकललें, ते आचार्य जगदीशचंद्र बोस होत.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजीं पूर्व बंगालमधील मैमनसिंग येथें झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी असूनहि त्यांनीं मुलास प्रथम बंगाली शाळेंतच घातलें. तेथें शेतकऱ्यांचीं व कोळ्यांचीं मुलें त्यांचे सोबती झालीं. पुढें कलकत्त्याच्या सेंट झेवियर कॉलेजांत फादर लाफों यांनीं त्यांस पदार्थविज्ञानाची गोडी लाविली. वैद्यक शिकण्यास ते विलायतेस गेले. पण तापानें प्रकृति ढासळल्यामुळें तें सोडून त्यांनीं केंब्रिज येथें विज्ञानाचा अभ्यास केला.

१८८५ सालीं ते प्रेसिडेन्सी कॉलेजांत प्राध्यापक झाले. तेव्हां हिंदी अध्यापकास युरोपियनाहून कमी वेतन देण्याची रीत होती. वडिलांवर कर्जाचा भार असतांहि बोसांनीं तीन वर्षें वेतनास स्पर्श केला नाहीं, आणि शिकविण्यांत तिळमात्र कसूर होऊं दिली नाहीं. अखेर सरकारास मागील सर्व वेतन पूर्ण द्यावें लागलें. कर्ज फेडण्यास त्याचा उपयोग झाला.

१८९४ पासून त्यांनीं एका लहान खोलींत विद्युत्-लहरींचे प्रयोग आरंभिले. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्‌झ यांनीं १८८८ सालीं या लहरी दाखविल्या होत्या. पण त्या फार लांब असत. बोसांनीं त्यांची लांबी सुमारें ५ मिलिमीटरपर्यंत आणली. लहर आडवी कंप पावते कीं उभी, तिची ही दिशा ठरणें म्हणजे ध्रुवीकरण. आगगाडीच्या जाडजूड वेळापत्रकाच्या पानांत त्यांनीं कथिलाचा वर्ख घातला. एका स्थितींत लहर त्यांतून आरपार जाई, पुस्तक काटकोनांत फिरवितांच ती अडे. पुढें पिळलेल्या तागांतून लहर नेली, तेव्हां उजव्या-डाव्या पिळाप्रमाणें कंपनाची दिशाहि उजवी-डावी वळली.

उपग्रहाचें तसेंच आहे. तो स्वतःभोंवतीं फिरत असल्यानें त्याच्या लहरींची दिशा पालटते. दोन सरळ एरियल समांतर असतां संदेश पूर्ण मिळतो, ४५ अंशांच्या कोनांत निम्मी शक्ति उरते, आणि काटकोनांत जवळजवळ कांहींच हातीं लागत नाहीं. म्हणून पुष्कळ हौशी लोक फुलीसारख्या दांड्यांची, चक्राकार ध्रुवीकरणाची एरियल वापरतात; सरळ लहरीची निम्मी शक्ति तींत जाते, पण ध्वनि सहसा बुडत नाहीं. वातावरणाच्या वरच्या विद्युन्मय थरांतहि ही दिशा वळते. मुंबईच्या आय.आय.टी.च्या विद्यार्थ्यांनीं बनविलेला ‘प्रथम’ हा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजीं उडाला; या वळणावरून त्या थरांतील इलेक्ट्रॉनांचें मोजमाप करावें, हा त्याचा हेतु होता.

१९१७ सालीं आचार्यांनीं कलकत्त्यांत बोस विज्ञानमंदिर स्थापिलें आणि २३ नोव्हेंबर १९३७ रोजीं गिरिडीह येथें देह ठेविला. विद्यार्थिमित्रहो, त्यांच्यापाशीं मोठी प्रयोगशाळा नव्हती. वेळापत्रक, वर्ख आणि ताग एवढ्यावरच त्यांनीं निसर्गास बोलतें केलें. तुमच्या हातचा ध्वनि क्षीण झाला, तर यंत्रास दोष देण्यापूर्वीं आपण त्यास नीट सामोरे आहों कीं नाहीं, हें पाहा.