नाना फडणीस : दफ्तर सांभाळणारा कारभारी

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले पुढे एम.बी.ए.ला जातात. १९९६ साली इंदूरला आय.आय.एम. सुरू झाल्यापासून तर घरोघरी हा विषय निघतो. त्या अभ्यासक्रमात माहिती व्यवस्थापन, म्हणजे हिंदीतले सूचना प्रबंधन, शिकवतात. पालक विचारतात, हा कॉम्प्युटरचा विषय का? थोडाफार आहे. पण कोणती माहिती जमवायची, कुठे नोंदवायची, वेळेला ती चटकन कशी सापडेल आणि ती कोणी पाहावी, हा त्याचा गाभा. हे सारे कॉम्प्युटरशिवाय करणारे एक गृहस्थ आपल्याला नावाने चांगले ठाऊक आहेत.

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास झाला. घराणे कोकणातल्या वेळासचे. वडील वारले तेव्हा नाना अवघे चौदा वर्षांचे, आपल्या नववीतल्या मुलाएवढे. त्या वयात घरातली फडणिशी त्यांच्याकडे आली. १७६१ साली पानिपतावरून ते कसेबसे जिवंत परतले, आई मात्र परतली नाही.

फडणीस म्हणजे राज्याचा जमाखर्च व दफ्तर पाहणारा अधिकारी. पुण्याच्या हुजूर दफ्तरात परगण्यापरगण्यांतून हिशेब येत. तिथल्या एकबेरीज दफ्तरात त्यांची वर्गवारी होई आणि राज्याची एकूण जमा, खर्च व शिल्लक यांचा गोषवारा निघे. खर्चाच्या बाबींची अक्षरांच्या क्रमाने खतावणीही असे. सर्व लिखाण मोडीत, कागद रुमालात बांधलेले. नानांनी या कामाला कडक शिस्त लावली.

हिशेबाइतकेच महत्त्व बातमीला होते. १७७४ पासून बारभाईंच्या कारभारात नाना पुढे आले, तेव्हा रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेलेले. मुंबईकर इंग्रजांनी १७७५ साली त्यांच्याशी केलेला सुरतेचा तह कलकत्त्याच्या इंग्रजांना मान्य नव्हता. ही फूट पुण्याच्या उपयोगी पडली. हैदराबादेस गोविंदराव काळे हे वकील होते, ते निजामाच्या दरबारची खडान्‌खडा हकीकत कळवत. आपल्या माळव्यात, महेश्वरासही पुण्याचा बातमीदार होता. त्याची पत्रे पुढे छापली गेली. अहिल्याबाईंच्या दरबाराविषयी आपण जे अभिमानाने सांगतो, त्यातले काही या पत्रांमुळेच कळले.

पण घरातलेच कळले नाही. पुण्याचा कोतवाल घाशीराम रयतेला छळत होता आणि नानांपर्यंत तक्रारी पोचत नव्हत्या, किंवा पोचूनही त्यांनी मनावर घेतल्या नाहीत. १७९१ साली कोंडून ठेवलेले काही ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा लोक खवळले आणि त्यात घाशीरामही मारला गेला. (अनेक पालकांना नाना ठाऊक आहेत ते तेंडुलकरांच्या नाटकातून. ते नाटक आहे, इतिहास नव्हे.) सवाई माधवरावांचेही तसेच. लहानपणापासून नानांच्या देखरेखीत वाढलेला हा पेशवा १७९५ च्या ऑक्टोबरात शनिवारवाड्यात वरून पडून गेला. तापाच्या भरात की वैतागून, याबद्दल मतभेद आहेत. हैदराबादची खबर ठेवणाऱ्याला शेजारच्या मुलाचे मन समजले नव्हते का? शाळा चालवताना हा प्रश्न मला फार टोचतो.

पुढची वर्षे वाईट गेली. दौलतराव शिंद्यांनी नानांना काही महिने कैदेत ठेवले. १३ मार्च १८०० रोजी ते वारले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दफ्तराची हेळसांड झाली, कागद बाहेर गेले. तरी १८१८ नंतर इंग्रजांना इनामांचे दावे तपासायला याच दफ्तराचा आधार घ्यावा लागला. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांनी त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले.

नानांचे खासगी कागद वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात होते. त्यांना मेणवली दफ्तर म्हणतात. सुटीत तिकडे जाणे झाले तर मुलांना तो वाडा आणि कृष्णेचा घाट अवश्य दाखवावा.