हल्बर्ट हॅरिंग्टन वॉर्नर

हल्बर्ट हॅरिंग्टन वॉर्नर (१८४२–१९२३) हे अमेरिकेतील उद्योजक व औषधविक्रेते होते. मूत्रपिंड व यकृत यांच्या विकारांवरील 'वॉर्नर्स सेफ किडनी अँड लिव्हर क्युअर' या औषधामुळे ते प्रसिद्धीस आले. रोचेस्टर येथील वॉर्नर वेधशाळा त्यांच्याच पैशातून उभी राहिली.

त्यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज शहराजवळ वॉर्नर्स या गावी झाला. १८७० मध्ये ते रोचेस्टरला आले व तेथे अग्निरोधक तिजोऱ्यांच्या विक्रीत त्यांनी चांगला पैसा मिळवला.

पुढे त्यांना ब्राइटचा विकार जडला. मूत्रपिंडाचा दाह, लघवीतून जाणारी प्रथिने व अंगावरील सूज ही त्याची लक्षणे असून त्यावर तेव्हा खात्रीचा उपचार नव्हता. रोचेस्टरमधील क्रेग नावाच्या गृहस्थांच्या औषधाने आपण बरे झालो, असे वॉर्नर सांगत. त्या औषधाची कृती विकत घेऊन १८७९ मध्ये त्यांनी विक्री सुरू केली. मूत्रपिंडाचा तीव्र दाह काही रुग्णांत आपोआप शमतो आणि श्रेय हाती असलेल्या बाटलीला मिळते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

बाटलीवर तिजोरीचे उठावदार चित्र असे. इंग्रजीत तिजोरी व सुरक्षित या दोन्ही अर्थांना 'सेफ' हा एकच शब्द असल्याने जुना धंदा नव्या धंद्याची ग्वाही देऊ लागला. कंबरदुखी, थकवा, पायांवरची सूज या उतारवयात अनेकांना जाणवणाऱ्या तक्रारी जाहिरातींतून मूत्रपिंडाच्या रोगाची चाहूल म्हणून मांडल्या जात. औषधात वनस्पतींचे अर्क, पोटॅशियम नायट्रेट (सोरा) व मद्यार्क होता. मद्यार्काने तात्पुरती हुशारी वाटे. सोऱ्याने लघवी वाढे. परंतु निकामी होत चाललेल्या मूत्रपिंडांना पोटॅशियम पुरेसे बाहेर टाकता येत नाही, म्हणजे ज्या रुग्णासाठी हे औषध विकले जाई त्यालाच त्याचा धोका अधिक होता. अशा औषधांना 'पेटंट' म्हणत, पण प्रत्यक्षात बहुतेकांचे पेटंट घेतलेले नसे. संरक्षण असे ते नावाला व चिन्हाला.

ल्युइस स्विफ्ट या धूमकेतू-संशोधकांसाठी वॉर्नर यांनी वेधशाळेची इमारत बांधून दिली. तेथील १६ इंची दुर्बीण लोकवर्गणीतून आली होती. धूमकेतू शोधणाऱ्यास ते २०० डॉलरचे पारितोषिकही देत. नॅशव्हिल येथील तरुण व गरीब ई. ई. बर्नार्ड यांनी अशाच पारितोषिकांच्या आधारे घर बांधले. पुढे ते अग्रगण्य निरीक्षक ठरले.

१८८९ मध्ये वॉर्नर यांनी कंपनी इंग्लंडमधील भांडवलदारांना विकली. सट्टेबाजीत गुंतलेला त्यांचा पैसा १८९३ च्या आर्थिक संकटात बुडाला व ते दिवाळखोर झाले. स्विफ्ट दुर्बीण घेऊन कॅलिफोर्नियातील लोव वेधशाळेत गेले. वॉर्नर यांचे उत्तरायुष्य मिनियापोलिस येथे गेले.

औषध मात्र त्यांच्याविनाही विकले जात राहिले. १९०६ च्या अन्न व औषध कायद्यानंतर त्याच्या नावातील 'क्युअर' जाऊन 'रेमेडी' हा सौम्य शब्द आला. तिजोरीचे चिन्ह असलेल्या तपकिरी बाटल्या आज संग्राहक जमवतात.