आवाज गेला, चित्रं राहिली : ज्याँ-बातीस्त फोर

मंडळी, ऑपेरा म्हटलं की आपल्यापैकी बरेचजण हळूच रिमोटकडे हात नेतात. मीही त्यातलाच! पण ज्याँ-बातीस्त फोर या फ्रेंच गायकाचं चरित्र वाचलं आणि अक्षरशः गुंतून गेलो.

फोरचा जन्म १५ जानेवारी १८३० चा, फ्रान्समधल्या मूलँ गावातला. लहानपणी तो चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांच्या वृंदात होता. १८५१ मध्ये पॅरिसच्या काँझर्व्हेट्वार या संगीत विद्यालयात प्रवेश आणि पुढच्याच वर्षी ऑपेरा-कॉमिक या नाट्यगृहात पदार्पण. आवाज बॅरिटोन, म्हणजे पुरुषी आवाजातली मधली पट्टी. ऑपेरात नायक बहुधा उंच पट्टीचा टेनर. बॅरिटोनच्या वाट्याला बाप, मित्र नाहीतर खलनायक. फोरने मात्र हे गणित बदलायला लावलं. आंब्रवाझ तोमाने 'हॅम्लेट' ऑपेरा रचताना नायकाची भूमिका आधी टेनरसाठी योजली होती, ती फोरसाठी बदलून बॅरिटोनची केली. १८६८ मध्ये तो पॅरिस ऑपेरात हॅम्लेट म्हणून उभा राहिला आणि गाजला. त्याआधी १८६७ मध्ये व्हेर्दीच्या 'डॉन कार्लोस'मधला पहिला पोझा तोच.

आपल्याला गंमत वाटेल अशी त्याची भूमिका १८६५ ची. मायरबेअरच्या 'लाफ्रिकेन' मध्ये नायक चक्क वास्को द गामा! फोर झाला होता त्याचा गुलाम नेलुस्को. ऑपेराचं नाव 'आफ्रिकन स्त्री', पण नेलुस्को आणि त्याची राणी मात्र ब्रह्मदेवाचे भक्त. युरोपच्या डोक्यात तेव्हा भूगोलाचा केवढा गोंधळ होता बघा!

गाण्यातून मिळालेला पैसा फोरने चित्रांत घातला, तोही लोक ज्यांची टिंगल करत होते अशा चित्रकारांच्या. माने या चित्रकाराची साठाहून जास्त चित्रं त्याने घेतली. सिस्ले १८७४ मध्ये इंग्लंडला जाऊन चित्रं काढू शकला, तो फोरच्याच खर्चाने. पण फोर काही भोळा दानशूर नव्हता. १८६३ च्या सरकारी प्रदर्शनाने नाकारलेलं मानेचं 'गवतावरचं जेवण' त्याने १८७८ मध्ये २,६०० फ्रँकला घेतलं आणि १८९८ मध्ये २०,००० ला विकलं. देगाने कबूल केलेली चित्रं वर्षानुवर्षं दिली नाहीत, तेव्हा १८८७ मध्ये त्याला सरळ कोर्टात खेचलं! रसिक आणि व्यवहारी माणूस एकाच अंगरख्यात. मला तरी यात विसंगती वाटत नाही. टाळ्यांनी चित्रकाराची चूल पेटत नाही, गिऱ्हाईक लागतं.

९ नोव्हेंबर १९१४ ला पॅरिसमध्ये तो वारला. समोर बसून ऐकणारे गेले, तसा तो आवाजही गेला. आज त्याची मोठी ओळख उरली ती चित्रांतून.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संग्रहात देगाचं 'नृत्याचा वर्ग' हे १८७४ चं चित्र आहे. ते फोरनेच काढून घेतलेलं. पाहायचा योग आला, तर मुलींच्या झग्यांवरून नजर थोडी बाजूला न्या. भिंतीवरच्या आरशाशेजारी रोसिनीच्या 'विल्यम टेल' ऑपेराचं पोस्टर दिसेल. फोर टेलची भूमिका गात असे, आणि ते पोस्टर म्हणजे देगाने आपल्या गिऱ्हाइकाला केलेला नमस्कार. मुलांनाही ते शोधायला सांगा!