राजा गेला, मग तिकीट आलं

एकांकिका बसवणाऱ्या प्रत्येक ग्रुपला तालमीच्या तिसऱ्या दिवशी एकच प्रश्न पडतो: सेटचे पैसे कोण देणार? मग स्पॉन्सर शोधा, माजी विद्यार्थ्यांना फोन करा, वर्गणी काढा. तुमच्याआधी या फेऱ्यातून एक माणूस गेलाय. त्याचं नाव विष्णुदास भावे.

५ नोव्हेंबरला, म्हणजे रंगभूमी दिनाला, त्यांच्या फोटोला हार पडतो. १८४३ मध्ये सांगलीत त्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, एवढं आपल्याला ठाऊक असतं. (तंजावरच्या भोसले राजांनी त्याच्या कितीतरी आधी मराठी नाटकं लिहिली होती, असं जाणकार सांगतात आणि ते खरंही आहे. पण महाराष्ट्रात नाटक उभं राहिलं ते सांगलीतून.)

विष्णुदासांचे वडील सांगलीच्या पटवर्धनांच्या पदरी होते. मुलाचे हात मात्र मातीत आणि लाकडात रमायचे. मूर्ती घडवायच्या, हलणाऱ्या बाहुल्या करायच्या, हा त्याचा नाद. अशातच कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली. असं काहीतरी मराठीत हवं, असं राजेसाहेब चिंतामणराव यांच्या मनात आलं आणि काम आलं या बाहुल्या करणाऱ्या पोराकडे.

आता जरा त्या नाटकाची कल्पना करा. हातात स्क्रिप्टच नाही. सूत्रधार पदं म्हणणार आणि पात्रं आपापली भाषणं जागेवर रचणार. आपण ज्याला आज इम्प्रोव्ह म्हणतो ना, अगदी तेच. विदूषक धमाल करायचा, गणपती-सरस्वती येऊन जायचे आणि राक्षस आले की आरडाओरड्याने मांडव दणाणायचा. सीता अर्थातच पुरुष. तोंडाला रंग लावणं ही काही तेव्हा घरी अभिमानाने सांगायची गोष्ट नव्हती. तरी माणसं मिळाली, कारण पाठीशी राजा होता.

१८५१ मध्ये चिंतामणराव वारले. एवढी मंडळी, त्यांचं जेवणखाण, कपडेपट, सगळं विष्णुदासांच्या अंगावर आलं. मला विचाराल तर त्यांची खरी गोष्ट इथून सुरू होते. त्यांनी गाशा गुंडाळला नाही, बिऱ्हाड पाठीवर घेतलं आणि गावोगाव निघाले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. कुणा एका धन्याच्या मर्जीऐवजी शे-दोनशे अनोळखी लोकांच्या खिशावर भिस्त ठेवायची, ही केवढी जोखीम! पण लोक आले. पुढच्याच वर्षी ‘राजा गोपीचंद’ त्यांनी हिंदीत केलं. मुंबईत कोण कोण राहतं, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

साधारण दहा वर्षं ही भटकंती चालली. मग ते नाटकातून बाजूला झाले. १९०१ मध्ये गेले, तोवर मराठी नाटक किर्लोस्करांच्या संगीत नाटकापर्यंत कधीच पोचलं होतं.

मागे त्यांच्या लाकडी बाहुल्याही राहिल्या. कितीतरी वर्षांनी रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त केल्या आणि त्यांच्याकडून पुन्हा ‘सीतास्वयंवर’ करून घेतलं. या नटांना ना जेवण लागतं, ना मुक्काम, ना नाईट. फक्त दोऱ्या झिजल्या की बदलाव्या लागतात. आणि दोऱ्यांनाही पैसे पडतातच.