'सिम्युला'वाले निगार्ड

पायथनमध्ये असिंक-अवेट किंवा अँड्रॉइडच्या प्रोजेक्टमध्ये कोटलिनची कोरूटीन आपण व्हिडिओ बघून टाकतो आणि पुढे जातो. एकाच प्रोसेसरवर शेकडो छोटी कामं पाळीपाळीनं चालवायची ही सोय थेट भाषेतच घालणाऱ्या पहिल्यावहिल्या लोकांत एक नॉर्वेजियन गणिती होते, क्रिस्टन निगार्ड.

जन्म ऑस्लोचा, २७ ऑगस्ट १९२६. १९४८ मध्ये ते संरक्षण संशोधन संस्थेत लागले. तिथे अणुभट्टीची गणितं करताना सिम्युलेशनचा नाद लागला. १९६० मध्ये ते नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये आले. अडचण एकच होती: मॉडेल मशीनला सांगायचं कोणत्या भाषेत?

कार्तिकातली निर्मळची जत्रा घ्या. स्टेशनवरून येणाऱ्या बस, रांगेतली माणसं, पाळणेवाला, खाजेवाला. सगळे एकाच वेळी आपापलं काम करतायत. कॉम्प्युटर मात्र एका वेळी एकच काम करणार. निगार्ड आणि त्यांचे सहकारी ओले-योहान डाल यांनी प्रत्येकाला वेगळी 'प्रोसेस' केलं. बस आपलं काम करते, मग 'आता दहा मिनिटं माझं काही नाही' असं सांगून थांबते, आणि पाळी पुढच्याकडे जाते. परत आली की जिथे थांबली होती तिथूनच पुढे. मधेच कोणी कोणाला उठवत नाही. म्हणूनच हे धागे हलके: ऑपरेटिंग सिस्टिमला मधे घ्यावं लागत नाही. धोकाही त्यातच आहे. एकानं पाळी सोडलीच नाही, तर बाकी सगळे ताटकळत!

खरी गोची मेमरीत होती. त्यांनी पाया म्हणून घेतलेल्या अल्गोल ६० मध्ये मेमरी ताटांच्या चळतीसारखी, शेवटी ठेवलेलं ताट आधी निघणार. रांगेत तर आधी आलेला आधी जातो. शेवटी डाल यांनी मेमरी वाटायची पद्धतच नवी केली आणि प्रत्येक प्रोसेसला स्वतःचा तुकडा दिला. माझ्या मते सगळ्या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग हाच, पण नाव भाषेचं झालं.

त्या भाषेचं नाव सिम्युला. १९६२ मध्ये युनिव्हॅक कंपनीशी सौदा करताना निगार्ड यांनी ती पुढे केली आणि सेंटरला युनिव्हॅक ११०७ मशीन मोठ्या सवलतीत मिळालं. दोघांची चर्चा म्हणजे आरडाओरडा. एकदा नव्या कर्मचाऱ्याला वाटलं, वर फळ्यासमोर दोन माणसं हाणामारी करतायत. टेलिफोन ऑपरेटरनं कान देऊन ऐकलं आणि सांगितलं, काही नाही, सिम्युलावर बोलणं चाललंय. पुढे सिम्युला ६७ मध्ये क्लास आणि ऑब्जेक्ट आले. सी प्लस प्लसच्या पेपरात आपण जे घोकतो, त्याचं मूळ तिथे आहे.

आता खरं तर माणसानं आरामात प्रोफेसरकी करावी. पण सिम्युलेशननं आखणी कारखान्याची होते, आणि ती करताना मशीनपुढच्या कामगाराला कोणी विचारत नाही, हे निगार्ड यांना खुपलं. १९७० च्या सुमारास ते लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनकडे गेले. कामगारांसाठी पाठ्यपुस्तक लिहिलं, कॉम्प्युटर येण्याआधी त्यांना काय विचारता आलं पाहिजे ते शिकवलं. त्यातून पुढे 'डेटा करार' झाले आणि नव्या सिस्टिमची माहिती मिळणं हा कामगारांचा हक्क ठरला. नव्वदच्या दशकात तर ते युरोपियन युनियनला विरोध करणाऱ्या चळवळीचे अध्यक्षच होते. १९९४ च्या सार्वमतात नॉर्वेनं 'नाही' म्हटलं.

२००१ सालचं ट्युरिंग पारितोषिक निगार्ड आणि डाल यांना मिळून मिळालं. डाल २९ जून २००२ ला गेले. निगार्ड १० ऑगस्टला, जेमतेम सहा आठवड्यांनी.